खालची वाट

सोमवार, ९ जानेवारी १९७८

टीव्हीवर सरूचं नाटक येणार आहे.

हे ड्यूटीवरून आले, डबा ओट्यावर ठेवला, एवढंच बोलले आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत बसले. रेल्वे स्टेशनात कुणीतरी सांगितलं म्हणे — मुंबईच्या लोकांनी लिहिलंय, खऱ्या खुनावरून, लोणावळ्याच्या तळ्यावरच्या. नावं बदलली आहेत. आमच्या तुंगार्ली गावात नावं कुणाला लागतात?

लिहूनच टाकते, म्हणजे डोक्यातून उतरेल. सरू ही ह्यांची पहिली बायको. मुक्ता तिचीच. मुक्ता दोन वर्षांची असताना, गवतकापणीच्या दिवसांत, सरू तळ्यावरच्या आमच्या रानात निघाली ती परत आलीच नाही. कुठल्याशा बंगल्याच्या ड्रायव्हरनं तिला वाटेत गाठलं, गळ्यातलं ओढलं, आणि ओरडायला लागली म्हणून मारून टाकलं. तो सापडला. गुन्हा शाबीत झाला, जन्मठेप झाली. कोर्टाचं काम संपलं, गावाचं अजून चालू आहे!

कारण रानात जायला दोन वाटा. वरची वाघजाईच्या देवळासमोरून, रहदारीची. खालची ओढ्यातून, कारवीतून, तिथं हाक मारली तरी कुणाला ऐकू जात नाही. सरू खालच्या वाटेनं गेली. एकटी. का गेली? पंधरा वर्षं गाव हेच चघळतंय, आणि उत्तर ज्याच्या त्याच्याकडे तयार. मी या घरात आले तेव्हा ओटी भरतानाच एकीनं कानात सांगितलं होतं, "पयलीवानी करू नगंस."

नाटक बावीस तारखेला, रविवारी.

मंगळवार, १० जानेवारी

सासूबाई सकाळपासून मिरच्या कांडतायत. घरात दिवाळीपर्यंत पुरेल एवढं तिखट आहे.

गुरुवार, १२ जानेवारी

कान्ह्याहून भामामावशी आली. मुक्ताचं तिथल्या अंबाजींच्या निवृत्तीशी ठरतंय, मधे मावशीच आहे. कान्हे माझं माहेर, माणसं पाहिलेली, मुलगा कारखान्यात कायम झालेला. फक्त सुपारी फोडायची राहिली होती. मावशी पाणी प्याली, चहा प्याली, मग लुगड्याचं टोक बोटाला गुंडाळत बसली. म्हटलं, आता काहीतरी येणार.

"तसं काय न्हाई गं नंदे. अंबाजी म्हनला, नाटक बगू आन् मंग सुपारी फोडू."

"नाटकात काय बघायचंय त्यांना?"

"पोरीची आय कशी व्हती त्ये."

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पोरीची आई मी आहे, समोर बसलेय, मला बघा की! मावशी म्हणाली, "तुला बगून काय कळनार? तू तर जित्ती हायस."

मुक्ता गोठ्यात होती. ऐकलं असणारच. आत येऊन विचारलं, "अजून चहा ठेवू का?" आवाज नेहमीसारखाच. मी असते तर भांडी आदळली असती. सरूवर गेली असेल. असेल असंच म्हणायचं, मी सरूला पाहिलंय कुठे?

निवृत्ती तिला आवडलाय. तिनं सांगितलं नाही, पण कान्ह्याचं नाव निघालं की ती पदर नीट करते.

शनिवार, १४ जानेवारी — संक्रांत

आधी टाकाला हळदकुंकू, टाकाला तिळगूळ, मग मला.

दुसरेपणाची म्हणून लग्नात माझ्या गळ्यात सरूचा टाक बांधला. चांदीचा पत्रा, बोटाच्या पेराएवढा, त्यावर दोन डोळे आणि एक नाक. सोनारानं सरूला पाहिलं नव्हतं, त्यामुळे ते कुणाचंही नाक असू शकेल. नवं लुगडं आधी तिला दाखवायचं, सण आधी तिचा, नाहीतर ती कोपते. पहिली दोन वर्षं मला भयंकर राग यायचा. वाकलं की टोचायचा. आता मीच बालवाडीला जाताना तिला सांगून निघते. घरात माझं सगळं ऐकून घेणारी ती एकटीच.

दुपारी बायका आल्या. वाणापेक्षा टीव्हीचीच चर्चा जास्त. तरण्या सुना तर नुसत्या हरखून गेल्या होत्या, गावचं नाव टीव्हीवर!

"लय नटून गेलती म्हनं."

"हिरवीगार चोळी व्हती. गवत कापाया कोन हिरवी चोळी घालतं?"

"एकली जायाची म्हंजी काय तरी असंलच की."

यातल्या एकीनंही सरूला पाहिलेलं नाही. मी तिळगूळ वाटता वाटता विचारलं, "त्या ड्रायव्हरचं नाव काय होतं हो?" सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. आठवेना कुणाला. चोळीचा रंग पाठ, मारणाऱ्याचं नाव नाही! खरं तर मलाही आठवत नाही, पण ते मी कशाला बोलू. म्हटलं, "घ्या तिळगूळ, आणि गोड बोला जरा." एकीला ठसका लागला.

म्हाताऱ्या मात्र गप्प होत्या. सावित्राबाई भिंतीला टेकून नुसता तिळगूळ चघळत होती. आणि आमच्या सासूबाई आतून बाहेरच आल्या नाहीत.

मंगळवार, १७ जानेवारी

काय लिहू, कसं लिहू.

मुक्ताचं सगळं नीट होऊ दे म्हणून वाघजाईची ओटी भरायला निघालो होतो, सासूबाई आणि मी. तिथून पुढे रानात जाऊन मुक्ताला घेऊन यायचं होतं, ती गंजीजवळ पेंढ्या बांधत होती. ओटीचं ताट सासूबाईंच्या हातात. दोन वाटा फुटतात तिथं आलो आणि माझ्या लक्षात आलं — माझे दिवस आधीच आले. मी थांबले. त्यांना सांगितलं.

त्या मागे वळल्यासुद्धा नाहीत. चालता चालता सहज म्हणाल्या, "मंग तू खालनं ये. मी देवीचं करून वर येते."

आणि उभ्या राहिल्या.

मीही उभी राहिले. ताटातला नारळ घरंगळून काठाशी आला, तो त्यांनी सावरला नाही. मला आधी काही कळलंच नाही. मग एकदम कळलं. दिवस आलेली बाई देवीसमोरून जात नाही. मग ती कुठून जाणार? खालून!

"आत्या," मी म्हटलं, "सरू त्या दिवशी बाहेर बसली होती?"

त्या वाटेच्या कडेला दगडावर बसल्या. ताट मांडीवर घेतलं. मग सगळं एकदमच सांगितलं. त्या वेळी समद्या बाया चार दिवस खालूनच जायच्या. चूल नाही, पाणी नाही, मग गवत तरी कापा. सरूला नको वाटत होतं त्या दिवशी, पोटात दुखत होतं. "मीच म्हनलं, बसून काय करतीस, जा खालनं." सोबतच्या बायका वरून पुढे गेल्या. हिला शिवायचं नाही म्हणून ही एकटी, मागून. त्यानंतर तुंगार्लीतल्या बायका चार दिवस घरातच बसायला लागल्या, खालची वाट बंद झाली. म्हणून आम्हा नंतर आलेल्या सुनांना त्या रिवाजाचा पत्ताच नाही.

"मग फौजदाराला का नाही सांगितलं?"

"फौजदार बाप्या. पंच बापय. कोर्टात बसल्याले समदे बापय. त्यास्नी काय सांगू, सुनंला इटाळ व्हता म्हनून?"

"आणि ह्यांना?"

"हौशाला? पोटच्या पोराला? काय बोलतीस तू, नंदे?"

ओटी आज राहिली.

बुधवार, १८ जानेवारी

कोपऱ्यात बसलेय. चूल नाही त्यामुळे लिहायला वेळच वेळ.

मला सासूबाईंचा इतका राग आलाय की त्यांनी लांबून ताट सरकवलं तेव्हा मी बघितलंसुद्धा नाही. पंधरा वर्षं! दारावर येऊन लोक वाटेल ते बोलून गेले आणि ही बाई मिरच्या कांडत बसली. मुक्ताला शाळेत पोरी काय काय म्हणाल्या, ती रडत आली की हिनं तिला गूळ दिला. नुसता गूळ.

आणि सगळ्या म्हाताऱ्यांना ठाऊक असणार. म्हणून संक्रांतीला गप्प होत्या. एकजात सगळ्या.

दुपारी बघितलं तर सासूबाई ओसरीवर एकट्याच बसल्या होत्या, जात्यावर हात ठेवून, दळण न घालता. तेव्हा राग जरा कमी झाला. सगळा गेला नाही.

गुरुवार, १९ जानेवारी

ठरवलं, ह्यांना मीच सांगायचं. सातवी पास आहे, बालवाडीत शिकवते, मला कसली लाज?

हे जेवायला बसले. मी कोपऱ्यातून म्हटलं, "ऐकलं का, सरू त्या दिवशी…" ह्यांचा हात भाकरीवर थांबला. वर बघितलं. घरात तिचं नाव हे कधी घेत नाहीत, मीही घेत नाही. आणि पुढचा शब्द माझ्या तोंडातून फुटेना. म्हटलं, "काही नाही. नाटक कुठे बघायचं?"

"गोविंदा माळ्याच्या बंगल्यावर. अंबाजी बी येनार हायेत, घरच्यांना घिऊन."

झालं! मी सासूबाईंना नावं ठेवत होते आणि माझीही तीच गत. त्या पडद्याआडून बघत होत्या. संध्याकाळी माझ्या ताटात तूप जास्त होतं.

शनिवार, २१ जानेवारी

न्हायले. मुक्ताच्या केसांना तेल लावलं. ती म्हणाली, "मी उद्या नाही आले तर चालेल?" म्हटलं, नाही चालणार. तू माझ्याजवळ बसायचंस.

सोमवार, २३ जानेवारी

सुटले! सुटलो सगळे! पण नीट क्रमानं लिहिते.

मुंबईच्या शेटचा बंगला गोविंदा सांभाळतो. त्यानं टीव्ही व्हरांड्यात आणून ठेवला होता, अंगणात निम्मं गाव. अंबाजी पुढे खुर्चीवर, टोपी कडक. त्यांची बायको आमच्यात, बायकांत. निवृत्ती मागे खांबाला टेकून. चित्र येईना. गोविंदा छपरावर चढून तो अँटेनाचा दांडा फिरवतोय — "आलं का?" "आलं… गेलं!" "आता?" "डोकं दिसतंय, धड न्हाई!" लोक हसत होते.

मग सुरू झालं. सरू झालेली मुलगी गोरीपान. सावित्राबाई म्हणाली, "हिनं कदी गवत बगितलंय का?" तळं आमचं नव्हतंच. वाघजाईसुद्धा नव्हती. मुंबईच्या माणसांना देऊळ कोण सांगणार? दोन वाटा मात्र होत्या. ती मुलगी फाट्यावर आली, थोडी थांबली आणि खाली वळली. अंगणात कुणीतरी "हं" केलं. मुक्ताचा हात माझ्या हातात होता, तो मी घट्ट धरला.

मला भीती होती ती ही, की आता झाडामागून कुणी यार निघेल. नाही निघाला. मारलेलंसुद्धा दाखवलं नाही, फक्त विळा पाण्यात पडलेला. मग फौजदार गावकऱ्यांना विचारतो, आणि नाटकातले गावकरी आमच्या गावासारखंच बोलायला लागले. नटून गेली होती. एकटी गेली होती. शब्दसुद्धा तेच! मी बघितलं तर आमच्या तरण्या सुना पदरात तोंड घालून बसल्या होत्या. फौजदार ऐकून घेतो आणि म्हणतो, "ती कुठल्या वाटेनं गेली हे मी विचारलं नाही. तिला मारलं कुणी, हे विचारलं."

मी केवढा श्वास सोडला! मुक्ताचा हात सोडला तर त्यावर माझ्या नखांचे वण. वाटलं, संपलं एकदाचं.

तेवढ्यात अंबाजी बोलले. वाकडं नाही, अगदी साधेपणानं, शेजारच्याला सांगावं तसं. "त्ये खरं. पन बाईमानसानं त्या वाटंनं जावंच कशापायी?"

नाटक लिहिणाऱ्यानं एवढं केलं आणि गाडी पुन्हा तिथंच.

माझ्या शेजारून सासूबाई उठल्या. मला वाटलं, घरी निघाल्या. त्या बायकांतून वाट काढत पुढे गेल्या, टीव्हीच्या आणि अंबाजींच्या मधे उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून घट्ट घेतला.

"मी धाडली," म्हणाल्या. "कावळा शिवला व्हता तिला. देवीम्होरनं कशी जाईल? मीच म्हनलं, खालनं जा. शिवायची न्हाई म्हनून बरुबर कोन न्हाई, म्हनून एकली. आन् ती हिरवी चोळी माजी हाय. तिची धुऊन वाळत व्हती म्हनून मी माजी दिली. काय इचारायचं त्ये मला इचारा."

टीव्ही मागे चालूच होता. छपरावरून गोविंदा ओरडला, "आलं का चित्तर?"

मग सावित्राबाई बसल्या जागेवरून म्हणाली, "आमी समद्याच खालनं जायचो." दुसरी म्हातारी म्हणाली, "व्हय. मी बी." आणि निवृत्तीची आई, नवऱ्याकडे बघत, चांगल्या ठणठणीत आवाजात, "आमच्याकडं बी बाया मळ्यामागनंच जात्यात. तुमास्नी कुटं ठावं आसतंय?"

अंबाजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

मी ह्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. घरी येताना हे आईच्या मागून चालत होते. एरवी कायम पुढे असतात. ओढ्याशी आल्यावर एवढंच म्हणाले, "आये, मला तरी सांगायचंस." सासूबाई म्हणाल्या, "आता सांगितलं न्हवं." आणि दोघं तिथंच रडायला लागली. मी आणि मुक्ता पुढे निघून आलो. मुक्ता विचारायला लागली, "तिचं पोट दुखत होतं?" आजीनं ते अंगणात सांगितलंच नव्हतं. पोरीला आपोआप कळलं. म्हटलं, हो, दुखत होतं.

एक लिहायचं राहिलंच, बंगल्यावरून निघताना अंबाजी आले होते. ह्यांच्याशी नाही, माझ्याशी नाही, थेट सासूबाईंशी बोलले. "मावशी, सुपारी कदी फोडायची?"

आज पहिल्यांदा टाक गळ्यात हलका वाटतोय. चांदी तेवढीच आहे, मला ठाऊक आहे.

बुधवार, २५ जानेवारी

हे चहा पीत होते. एकदम म्हणाले, "नाटकात चुकलं. सरू डावखुरी व्हती. इळा डाव्या हातानं चालवायची."

सरू म्हणाले! घरात सगळे थांबले. मुक्ता भाकरी थापत होती, डाव्या हातानं. त्या हातावरून मी तिला किती वेळा बोललेय! ती थापतच राहिली, पण हसत होती, आणि मग ह्यांनी बरंच काय काय सांगितलं. सरूला गुळाचा चहा आवडायचा. सरू म्हशीला शिव्या द्यायची, माणसांना नाही. मला जरासा हेवा वाटला. खोटं कशाला लिहू? पण ऐकत राहावंसं वाटलं.

शुक्रवार, ३ फेब्रुवारी

सुपारी फुटली. मुक्ताचं नवं लुगडं आधी टाकाला दाखवलं. तिला पसंत पडलं असावं, कारण टोचला नाही.

रविवार, १२ फेब्रुवारी

सकाळी मुक्ताला कावळा शिवला. कोपऱ्यात घोंगडी टाकत होती. सासूबाई म्हणाल्या, "बसती कशाला? गंजीवरनं पेंढ्या आनायच्यात." मुक्तानं दोर घेतला, बाहेर पडली आणि तिनं ओढ्यातली खालची वाट धरली.

सासूबाई मागोमाग गेल्या. अनवाणीच. मुक्ताचा हात धरला. दिवसांतली पोर, आणि हात धरला!

"खालनं न्हाई," म्हणाल्या. "चल वरनं. देवीम्होरनं."

मी दारात उभी होते. दोघी वरून गेल्या.